तोंड धुतानाचा शॉट

२२ मे. आज सुके बोंबील निवडून, उन्हात देऊन डब्यात भरायचे आहेत. पावसाळ्याची बेगमी. पंधरा दिवसांत हवा ओली झाली की मग कितीही ऊन दिलं तरी वास धरतात, म्हणून हे काम मी मे महिन्यातच उरकते. डोकं आणि शेपूट कात्रीनं कापायचं, पोटाकडे काळी रेघ असेल तर तो बोंबील बाजूला काढायचा, गच्चीवर चादरीवर पसरायचे आणि संध्याकाळी डब्यात तळाला कागद घालून उभे लावायचे. आडवे रचले तर मोडतात. हे मला माझ्या आईनं शिकवलं नाही. आई साताऱ्याकडची, तिला लग्नानंतर बारा वर्षं मासा कसा धरायचा हेसुद्धा माहीत नव्हतं. हे मला हिराबाय मावशीनं शिकवलं, आणि तिच्याशी मी कशी वागले ते एकदा लिहून काढायचं मी बरीच वर्षं टाळत आले आहे. बोंबील वाळायला चार तास लागतात. तेवढ्यात लिहून होईल.

आम्ही तेव्हा बोईसरला एका चाळीत राहायचो. वडील औद्योगिक वसाहतीतल्या रंगाच्या कारखान्यात होते, त्यामुळे त्यांच्या बनियनला कधी निळी, कधी पिवळी कड असायची आणि आई ती कधीच पूर्ण निघत नाही म्हणून रोज नव्यानं चिडायची. चाळीत अकरा खोल्या. पहाटे साडेपाचला पहिल्या पाळीचा भोंगा, मग स्टोव्हचे पंप, मग नळावरची भांडी, आणि सातच्या सुमाराला शेवटच्या खोलीतून हिराबायचा आवाज, "गो सुलूच्या आई, हाय का जागी? आज मांदेली चांगली गावली." ती खाडीकाठच्या मुरबे गावची. पहिल्या गाडीनं माहेरच्या-सासरच्या गावी जाऊन बंदरावरून मासळी आणायची आणि पाटी डोक्यावर घेऊन बोईसरच्या कॉलन्यांतून विकायची. आईला तिनं एकेक मासा ओळखायला शिकवला. ओल्या बोंबलाचं पाणी काढायला पाट्याखाली दाबून ठेवायचे, मांदेलीला हळद आधी लावायची, कोळंबीचं डोकं फेकायचं नाही. आई पहिल्यांदा नाक मुरडून आणि नंतर बोटं चाटून शिकली. "घाटावरची बाय बोंबील खायला लागली, आता मी मरायला मोकळी," असं हिराबाय म्हणायची. आई म्हणायची, "मेल्यावर पाटी कोण आणणार? जिवंतच बरी आहेस."

हिराबायचा नवरा, काशिनाथ, होडी सोडून कारखान्यात लागला होता. एके दिवशी दुसरी पाळी संपवून तो सायकलवर निघाला तो घरी आलाच नाही. सायकल मुरब्याच्या खाडीच्या बंधाऱ्यावर सापडली, नीट भिंतीला टेकवून, मागच्या चाकाला कुलूप लावून. किल्ली त्याच्याबरोबर गेली. पोलीस आले, खाडीत होड्या फिरल्या, काही सापडलं नाही. चाळीत लोक काय काय बोलत. कर्ज असेल, दुसरी बाई असेल, कारखान्यात काही झालं असेल, हिराबायशीच भांडण झालं असेल. हिराबायचं म्हणणं एकच होतं आणि ते ती कुणालाही सांगायची. "मरायला जाणारा मानूस सायकलीला कुलूप लावतो काय?" ती सायकल उचलून आणून तिनं खोलीबाहेर व्हरांड्यात ठेवली, कुलपासकट. कुणी कुलूप तोडून देतो म्हटलं तर नको म्हणायची. सासरचे तिला मुरब्याला ये म्हणत होते. तिनं बोईसरची खोली सोडली नाही. "आला तर हितंच येल. त्याला हाच पत्ता म्हाईत हाय."

आणि तिनं कुंकू सोडलं नव्हतं. मेणावर पिंजर दाबून बसवलेलं मोठं, गोल कुंकू. बारा वर्षं वाट बघायची, मग काय ते विधी, असं तिचं म्हणणं. चार वर्षं झाली होती. सासूचं म्हणणं वेगळं होतं. पोराला कुणी पाणी दिलेलं नाही, तो तहानलेला फिरतोय, म्हणून धाकट्याचं लग्न जमत नाही. दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यावा आणि मोकळं व्हावं. पण बायको कुंकू लावून बसलेली असताना पुतळा जाळायला त्यांच्याकडचा भट तयार नव्हता. तिनं स्वतःच्या हातानं उतरवलं तर गोष्ट वेगळी, असं तो म्हणाला होता. हे सगळं मला तेव्हा माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. मला काही माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मी पालघरच्या कॉलेजात होते. शनिवारी मुंबईहून एक सर यायचे आणि चित्रपट मंडळ चालवायचे. मंडळ म्हणजे एक टीव्ही, एक व्हीसीआर आणि आम्ही चौदा जण. त्यांनी आम्हाला परदेशी गुन्हेगारीपट दाखवले, ज्यांत सगळं अर्धं अंधारात असतं, पट्ट्यापट्ट्यांच्या सावल्या असतात, कोट घातलेला एक थकलेला माणूस स्वतःच गोष्ट सांगत असतो आणि एका बाईवर विश्वास ठेवावा की नाही हे शेवटपर्यंत कळत नाही. त्या प्रकाराच्या नव्या अवताराला निओ-न्वार म्हणतात, असं सर म्हणाले. मी तो शब्द वहीत लिहून घेतला. त्या वेळी मला कोकणातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा तो शब्द मोठा वाटत होता. सरांनी सांगितलं की ज्यांना जमेल त्यांनी एक छोटी फिल्म करा, चांगली झाली तर मुंबईच्या आंतरकॉलेज स्पर्धेला पाठवू. गोष्ट शोधायला मला लांब जावं लागलं नाही. व्हरांड्यात ती कुलूप लावून उभी होती.

कॅमेरा लग्नाच्या शूटिंगवाल्या प्रकाशचा. चातुर्मासात लग्नं नसतात, त्याचा कॅमेरा आणि हॅलोजनचा दिवा रिकामा पडून होता. प्रकाशला नवरा-नवरी सोडून दुसरं काही शूट करायची हौस होती. नायक म्हणून वर्गातला विलास, त्याच्या वडिलांचा रेनकोट घालून. फिल्मचं नाव ‘कुलूप’. कारखान्यातला एक कामगार नाहीसा होतो, गुप्तहेर शोधाला लागतो, बायको रडत नाही म्हणून त्याला तिचा संशय येतो, आणि शेवटी हरवलेली किल्ली तिच्या तांदळाच्या डब्यात सापडते. बायकोनंच त्याला मारलेलं असतं. अठरा मिनिटं.

बायकोचं काम करायला वर्गातल्या मुली होत्या. पण त्यांचे चेहरे लग्नाच्या व्हिडिओसारखे दिसत होते. मला हिराबायचा चेहरा हवा होता. मी तिला विचारायला गेले तेव्हा ती मोरीच्या कडेला बसून कोयतीनं सुरमईचे तुकडे करत होती. मी म्हटलं, मावशी, माझ्या फिल्ममध्ये काम करशील का? एक बाई नवऱ्याची वाट बघते, एवढीच गोष्ट आहे.

"मला काय बोलायला येतं?"

"बोलायचं नाही. नुसतं बसायचं, उठायचं, खिडकीतून बघायचं. बोलणं आम्ही नंतर वरून घालणार."

तिनं कोयती धुतली, पदराला हात पुसले आणि मग विचारलं, "सेवटी येतो ना तो?"

"येतो," मी म्हटलं.

हे पहिलं खोटं. किती सहज बोलले ते मला अजून ऐकू येतं.

शूटिंग आम्ही सुट्टीच्या दिवशी भर दुपारी करायचो. खिडकीला घोंगडी लावून खोलीत अंधार, आणि दाराच्या फटीतून हॅलोजन. पट्ट्यापट्ट्यांच्या सावल्या कशा पाडायच्या हा मोठा प्रश्न होता, तर हिराबायनंच जवळा वाळवायची बांबूची चटई आणून दिव्यापुढे धरली. भिंतीवर अशा सुंदर रेघा पडल्या की प्रकाश दोन मिनिटं नुसता बघत बसला. धुरासाठी आईचा धूप. चाळीतली पोरं दाराशी गर्दी करत आणि हिराबाय त्यांना हाकलायची, "जा रे, शिनेमा चाललाय, तुमच्या बापाचं लगीन नाय." तिला मजा येत होती. सांगितलेलं सगळं ती अचूक करायची. डबा उघड, तांदळात हात घाल, थांब, दाराकडे बघ. वीस वर्षं गिऱ्हाइकापुढे चेहरा स्थिर ठेवायची सवय असलेली बाई ती. मासळी कालची आहे का म्हणून विचारलं की ती जशी बघायची, तसं बघ, एवढंच मी सांगायचे. विलास कॅमेऱ्यामागून म्हणायचा, "मावशी, तुमच्याकडे बघून मला खरंच भीती वाटते." ती म्हणायची, "भिऊनच रहा. आनि तो कोट काढ, मासळी झाकायला बरा हाय."

अडलं ते शेवटच्या शॉटला. मला तिचं बिनकुंकवाचं कपाळ हवं होतं. गुप्तहेर दार ढकलतो, ती वळते, आणि कपाळ मोकळं. तो जिवंत नाही हे तिला आधीपासून माहीत होतं, हे एका चेहऱ्यात कळायला हवं. मी तिला नीट विचारलं. म्हटलं, मावशी, एका मिनिटासाठी पुसशील? लगेच लावू परत. ती हसत होती ती थांबली. रागावली नाही. "त्ये नाय व्हायचं, सुलू," एवढंच म्हणाली आणि चहा करायला उठली. मी म्हटलं, बरं, राहू दे. तिथेच मी थांबायला हवं होतं. मी थांबले नाही, मी दुसरा रस्ता शोधला.

मला माहीत होतं की ती रोज दुपारी फेरी करून आली की साबणानं तोंड धुते. मोरीकडे तोंड करून, सगळ्यांना पाठ करून. मग टॉवेल, मग आरसा, मग मेणाची डबी. बिनकुंकवाचं कपाळ ती कुणाला, अगदी आईलासुद्धा, दिसू देत नसे. मोरीसमोर एक छोटी खिडकी होती. पुढच्या रविवारी मी प्रकाशला त्या खिडकीबाहेर, मागच्या गटाराच्या कडेला, आडोशानं उभं केलं. कॅमेऱ्याच्या पुढे एक लाल दिवा लागतो, त्यावर काळी पट्टी चिकटवायला लावली. प्रकाश म्हणाला, "ताई, हे बरं दिसत नाही. लग्नात नवरीचे कपडे बदलताना पण आपण कॅमेरा बाहेर नेतो." मी त्याला म्हटलं, तिला विचारलंय मी. दुसरं खोटं. आत जाऊन मी हॅलोजन मुद्दाम बराच वेळ तिच्या तोंडावर ठेवला, दोन-तीन वेळा तेच तेच करायला लावलं आणि म्हटलं, "मावशी, घामाघूम झालीस, तोंड धुऊन घे. आम्ही बाहेर थांबतो."

शॉट चांगला होता. हे लिहायला लाज वाटते, पण इथेही खोटं लिहिलं तर मग लिहायचंच कशाला. डोळे मिटलेले, पाणी निथळतंय, हात टॉवेल चाचपतोय, आणि मग ती डोळे उघडते आणि खिडकीबाहेर कुठेतरी लांब बघते. चार-पाच सेकंद. तो चेहरा मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. कुंकवाच्या जागी एक फिकट गोल, ऊन न लागलेला. प्रकाशच्या दुकानात रंग काढून टाकून काळं-पांढरं केलं तेव्हा तो गोल आणखीच उठून दिसला. त्यावर विलासच्या आवाजात मी लिहिलेलं वाक्य घातलं, "किल्ली कुठे होती हे मला कळलं. कुंकू तिनं आधीच, आपल्या हातानं पुसलं होतं."

चाळीचा गणपती पाच दिवसांचा. चौथ्या दिवशी दुपारी, मंडपाला चारी बाजूंनी ताडपत्र्या बांधून अंधार केला आणि टीव्ही टेबलावर ठेवला. सरांना संध्याकाळची गाडी पकडायची होती म्हणून दुपार. हिराबाय हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोली घालून आली. एकटी नाही. मुरब्याहून सासू आणि धाकटा दीर यांना तिनं स्वतः जाऊन बोलावून आणलं होतं. फिल्ममध्ये तो परत येतो ना. सासूला ते बघू दे, असा तिचा विचार असणार. तिनं मला तसं सांगितलं नाही. मी आता समजते आहे. ती सासूला घेऊन पहिल्या रांगेत सतरंजीवर बसली.

पहिली दहा मिनिटं लोक हसत, ओरडत होते, हा बघ आपला व्हरांडा, हा बघ विल्या. मग चाळ गप्प होत गेली. तांदळाच्या डब्यात किल्ली सापडली तेव्हा मागून कुणी बाई पुटपुटली, "तरी मी म्हणत होते." मी टीव्हीच्या शेजारी उभी होते. मला हिराबायचा चेहरा दिसत होता आणि मी तो बघत नव्हते. शेवटचा शॉट आला. मग सरांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून बाकीच्यांनी वाजवल्या.

सरांनी माइक घेतला. म्हणाले, शेवटच्या शॉटमध्ये जे आहे ते मोठमोठ्या लोकांना जमत नाही. एका साध्या मासे विकणाऱ्या बाईकडून हे तू कसं काढून घेतलंस, सुलभा? आणि माइक माझ्या हातात दिला. चाळीतली आणि आजूबाजूची मिळून दोनशे माणसं. वडील मागे उभे होते, त्यांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी म्हटलं, "मी काहीच सांगितलं नव्हतं, सर. मावशीनं स्वतःच पुसलं. तिला ती भूमिका समजली होती."

हे तिसरं. सर ‘वा’ म्हणाले. त्या एका शब्दासाठी मी बोलले असं म्हणायलाही हरकत नाही. हिराबाय उठली. सासूला हात देऊन उठवलं आणि दोघी मंडपाबाहेर गेल्या. ताडपत्री उचलली तेव्हा क्षणभर सगळ्यांवर ऊन आलं.

विसर्जनानंतर पितृपक्ष लागला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मुरब्याची माणसं हिराबायच्या खोलीत आली, सासू, दीर आणि गावातले दोन वडीलधारे. हिराबायनं मला बोलावलं. आई मला हाताला धरूनच घेऊन गेली. हिराबाय कुंकू लावून, भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. मला म्हणाली, "सुलू, यांना सांग. मी पुसलं नवतं. तोंड धुतलेलं मी. तू बाहेर होतीस, तुला म्हाईत हाय."

दीर म्हणाला, "हिनं माइकवर सांगितलंय, वहिनी. सगळ्या चाळीनं आयकलंय."

"पोरीला बोलू दे," सासू म्हणाली. तिचा आवाज मला चांगला आठवतो. ती वाईट बाई नव्हती. तिला मुलगा मेला हे कुणीतरी खात्रीनं सांगायला हवं होतं, म्हणजे तिला रडता आलं असतं. ती माझ्याकडे तशाच आशेनं बघत होती जशी हिराबाय बघत होती. दोघींना दोन वेगळी उत्तरं हवी होती, आणि खरं उत्तर एकच होतं.

खरं सांगायचं तर माइकवर खोटं बोलले हे सांगावं लागलं असतं. मग खिडकीबाहेर उभा केलेला प्रकाश, लाल दिव्यावरची ती काळी पट्टी, सगळं आलं असतं. सर, कॉलेज, स्पर्धा, वडिलांचा इस्त्रीचा शर्ट. मी आईकडे बघितलं, मग सायकलीकडे, ती दारातून दिसत होती.

"मला नीट आठवत नाही," मी म्हटलं.

मी पुढे सव्वीस वर्षं कारखान्याच्या प्रयोगशाळेत तपासनीस म्हणून काम केलं. तिथे नियम साधा होता, जे दिसलं ते त्याच वेळी लिहायचं, मागाहून आठवून लिहायचं नाही. माझी नोंद कधी चुकली नाही आणि माझ्या हाताखालच्या मुली मला कडक म्हणायच्या. त्या कडकपणाचं मूळ कुठे होतं ते त्यांना सांगायची वेळ आली नाही.

हिराबाय माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली. मासळी कालची आहे का विचारल्यावर बघायची तसं. मग तिनं पदर सारखा केला आणि सासूला म्हणाली, "कधी करायचं, सांगा." घरी आल्यावर आईनं मला मारलं नाही की काही विचारलं नाही. जेवताना फक्त म्हणाली, "आठवत नसेल तर नसेल," आणि माझ्या ताटात भात वाढला. त्या दिवसापासून आईनं पुढचे कित्येक महिने मासे केले नाहीत.

सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी दीर टेम्पो घेऊन आला. हिराबायचं सामान ते काय, एक ट्रंक, दोन पाट्या, भांडी, ती बांबूची चटई. खोली सोडायचीच होती, आता पत्ता कुणासाठी ठेवायचा. शेवटी सायकल. दिरानं शेजारच्या सुताराकडून हातोडी आणली आणि कुलूप फोडलं. सात घाव लागले. मी आत मोरीत कपडे धुवत होते, आणि एकेक मोजला. मग सायकल ढकलत नेल्याचा आवाज, चार वर्षं न फिरलेल्या चाकाचा. त्याच दिवशी दुपारी मुरब्याच्या खाडीवर पुतळा जाळला. चाळीतले दोघे-तिघे गेले होते. मी गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ‘कुलूप’ची कॅसेट पिशवीत टाकली आणि मुरब्याच्या पहिल्या एसटीत बसले. तिची दुसरी प्रत नव्हती. सर तीच स्पर्धेला नेणार होते. यात काही त्याग नव्हता, हे सांगून ठेवते. कॅसेट देणं सोपं होतं. अवघड ते होतं जे दहा-बारा दिवसांपूर्वी ‘तिनं पुसलं नव्हतं’ या तीन शब्दांत झालं असतं.

पाऊस उघडला होता. गावाच्या कडेला, मोकळ्या जागेवर जवळा वाळत पडला होता आणि वर कावळे. हिराबाय आणि सासू दोघी सूप घेऊन कचरा निवडत होत्या. हिराबायचं कपाळ मोकळं होतं. उघड्यावर, उन्हात, सगळ्या गावासमोर. मी उभी राहून, पाठ केल्यासारखं, सासूला सांगितलं. मावशीनं पुसलं नव्हतं. तोंड धुतलं होतं. मी खिडकीबाहेरून चोरून शूट केलं. माइकवर खोटं बोलले. नंतरही मला सगळं आठवत होतं.

सासूनं सूप थांबवलं नाही. "काल यायला पायजे होतंस," म्हणाली.

हिराबायनं मला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. थोड्या वेळानं, कुणाशी बोलावं तसं नाही, नुसतं बोलली, "काल पिंडाला कावळा शिवला नाय. दोन तास बसलो. दुपार टळली तेव्हा भटानं दर्भाचा कावळा केला आनि पिंडाला शिववला. मानूस दर्भाचा, कावळा पन दर्भाचा." सासूनं मान खाली घातली. हिराबायनं माझ्या पिशवीकडे बघितलं. "काय आनलंस?"

मी कॅसेट दिली. तिनं ती उलटीपालटी केली, झाकण उचलून आतली काळी पट्टी नखानं बाहेर काढली, ताणून बघितली. "मजबूत हाय," म्हणाली. मग उठून कोयती आणली, कॅसेटचा डबा एका घावात फोडला आणि गुंडाळी माझ्या हातात दिली. खुंट्या तिनं दाखवल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, जवळ्यावरून, हातभर उंचीवर. वाऱ्यात पट्टी थरथरते, चमकते, गुणगुणते, कावळे येत नाहीत. तिथे सगळेच करतात. मी बांधायला लागले. ती मागून बघत होती.

"घट्ट बांद," ती म्हणाली. "सुटली तर खाडीत जायल."

अठरा मिनिटांची फिल्म सहा खुंट्यांना पुरली. बांधून झाल्यावर हिराबायनं एक सूप माझ्याकडे सरकवलं, आणि बाराची एसटी येईपर्यंत मी जवळा निवडला.